रेडिओवरचं होकायंत्र

१२ मे

वह्या एकोणपन्नास आल्या, पोरं अठ्ठेचाळीस. कॅप्टनला विचारलं, ही वरची परत पाठवू का. तो म्हणाला, "ठेवा मावशी, तुम्ही लिहा. पोरांनाही रोज लिहायचंय." म्हटलं, मी काय लिहू, बूट आले, बूट गेले? पण कोरी वही फडताळात पडून वाळवीच्या पोटात जायची, त्यापेक्षा लिहिलेली बरी. शाळा सातवीत सुटली, अक्षर मात्र चांगलं आहे.

तर मी इथल्या प्रशिक्षण केंद्राचं स्टोअर सांभाळते. नवरा सांभाळायचा, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, त्याला बावीस वर्षं झाली. बूट, सॅक, तंबू, दोर, होकायंत्रं, सगळं माझ्या हातून जातं आणि माझ्याच हातात परत येतं. दर उन्हाळ्यात कॉलेजची पोरं-पोरी सहा आठवड्यांसाठी येतात. इथे दहा-बारा जणांना घेऊन कसं चालायचं, हुकूम कसा द्यायचा, ते शिकवतात. जमलं तर कॉलेज संपल्यावर सैन्यात अधिकारी. नाही जमलं तर बूट माझ्याकडे जमा करायचे आणि गाडी धरायची. पास झालेल्यांचे बूट मी परत घेत नाही, ते त्यांचे झाले.

या वेळी त्या अठ्ठेचाळीसांत माझी भाची आहे. धाकट्या भावाची मुलगी. हे इथे कोणाला माहीत नाही आणि माहीत होणारही नाही. तिला आधीच बजावलं, इथे मी तुझी आत्या नाही. सगळे मावशी म्हणतात, तूही मावशी म्हण. वशिल्याची पोरगी म्हणून कोणी बोट दाखवलेलं मला चालायचं नाही.

आज रांगेत उभी होती. मी मान वर न करता विचारलं, "पाय कितीचा?"

"पाच."

"साडेपाच घे. संध्याकाळी पाय फुगतो. पुढचा!"

अगदी परक्यासारखी वागले. कॅप्टन मागे उभा होता, कानावर पेन्सिल लावून. त्याला काही कळलं नाही. भाचीनं बाकावर बसून नाड्या बांधल्या, दोन फेरे आणि आत खोचलेली गाठ, मी तिला पाच वर्षांची असताना शिकवलेली. मी पण तीच बांधते. चांगली गाठ आहे, सुटत नाही.

१३ मे

होकायंत्रं काढून ठेवली. एकूण बारा, आणि एक नवं.

नवऱ्याची एक शिस्त होती, ती मी मोडली नाही. होकायंत्र द्यायच्या आधी सगळी लाकडी टेबलावर मांडायची, एकमेकांपासून हातभर लांब. जवळ किल्ली नको, कात्री नको, लोखंडाचं काही नको. मग दोन मिनिटं गप्प बसायचं. सगळ्या सुयांची लाल टोकं एकाच दिशेला उभी राहिली पाहिजेत. एखादी जरी फितूर निघाली तर ते होकायंत्र बाजूला. एकट्या सुईवर विश्वास ठेवायचा नाही, असं तो म्हणायचा. माणसांबद्दल पण तेच म्हणायचा, पण ते जाऊ दे.

तेरावं मार्चमध्ये आलं. काच स्वच्छ, चामड्याचं घर. इतकी चांगली वस्तू टेबलाच्या खणात ओल धरेल म्हणून मी ते माझ्या रेडिओवर ठेवलंय. रेडिओ जुना, मोठा, लाकडी पेटीचा. दिवसभर चालू असतो, वरून छान कोमट असतो. लोखंड नाही, ओल नाही. ते कोणाला द्यायचं हे ठरलेलं नाही.

१८ मे

भावाचा फोन. त्याचं औषधांचं दुकान आहे, सकाळी उघडायच्या आधी फोन करतो.

"काय म्हणते आमची पोरगी?"

"मला काय माहीत? अठ्ठेचाळीस जण आहेत."

"ताई, खरं सांग. ती मुंगीला वळसा घालून चालणारी पोर. ती हुकूम सोडणार?"

"मग पाठवलीस कशाला?"

"हट्ट धरला म्हणून. ठरलंय आमचं. हा एक उन्हाळा. जमलं तर तिचं खरं, नाही जमलं तर गुपचूप दुकानात बसायचं. काउंटर रिकामाच आहे."

फोन ठेवला. त्याचं चुकीचं नाही. पण "काउंटर रिकामाच आहे" हे ज्या सुरात म्हणाला तो सूर मला आवडला नाही. जणू तिला हरलेली धरून खुर्ची पुसूनच ठेवलीय.

तिच्या तुकडीत एक धिप्पाड पोरगा आहे. आवाज असा की तो बोलला की माझ्या खिडकीची काच थरथरते. सगळे त्याला ढोल म्हणतात. त्यानं भाचीचं नाव पाडलंय काडी. "ए काडी, वाऱ्यानं उडू नकोस!" मी ऐकलं. मला काही फरक पडत नाही. त्याला सॅक दिली ती जरा जड बकलाची निघाली, एवढंच.

२४ मे

भाची नापास झाली.

प्रत्येकाला एक दिवस तुकडीचं म्होरकेपण मिळतं. अकरा जणांना घेऊन टेकडीपलीकडे जायचं, सांगितलेलं काम करायचं, वेळेत परत यायचं. आज तिची पाळी होती. म्हणे एकाचा पाय मुरगळला तर त्याची सॅक हिनं घेतली. दुसरा दमला, त्याचा दोर हिनं घेतला. तंबू कुठे ठोकायचा हे सांगायच्या ऐवजी स्वतःच ठोकत बसली. बाकीचे उभे राहून बघत होते. सव्वा तास उशीर. कॅप्टननं वहीत एक ओळ लिहिली, पेन्सिल कानावर परत ठेवली, संपलं.

दोनदा नापास झालं की घरी. आज दोघं दुसऱ्या खेपेची वाट न बघताच गेले. बूट माझ्याकडे आले, नवेकोरे, धड वाकलेही नव्हते. एक पोरगा बूट देताना रडला. म्हटलं, "रडू नको, नाड्या ओल्या होतात." तो हसला, मग आणखी रडला. मला हे प्रकार जमत नाहीत.

२५ मे

भाची टाचेच्या फोडाला चिकटपट्टी मागायला आली. स्टोअरमध्ये कोणी नव्हतं.

"आत्या..."

"मावशी."

"मावशी, मला वाटलं मदत केली की ते ऐकतील."

मी तिचे बूट उलटे करून बघितले. तळ बघितला की मला माणूस कळतो, बावीस वर्षं दुसरं काय केलंय? हिचे चवडे झिजलेले, टाचा नव्यासारख्या. पाऊल चोरून चालते. आपल्या पावलांचा आवाज कोणाला जाऊ नये अशी.

"टाच टेकव," म्हटलं.

"दुखते."

"दुखू दे. आणि दुसऱ्याचं ओझं उचलू नकोस. तुला अकरा जणांची डोकी दिलीत, सॅका नाही."

"पण ते थकतात."

"थकतात तर थकू दे. तू त्यांना बस म्हण, ऊठ म्हण, त्याला दे म्हण. तोंड कशाला दिलंय?"

तिनं टाचेला चिकटपट्टी लावली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं, पुढे?"

हे माझं बोलणं आहे. लहानपणी गुडघा फोडून आली की मी तिला हेच म्हणायचे. तिला म्हटलं, इथे असं बोलू नकोस, कोणाला तरी संशय येईल.

३ जून

जेवणाच्या सुट्टीत ती रोज स्टोअरमध्ये येते. मी भिंतीशी बारा बूटजोड ओळीत मांडून ठेवते आणि ती त्यांना हुकूम देते. बुटांना! पहिल्या दिवशी म्हणाली, "कृपया उजवीकडे वळाल का?" मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बूट आहेत ते, पाहुणे नाहीत.

आज मात्र असा आवाज काढला की फडताळावरची बाटली खाली पडली. म्हटलं, "बूट वळले असते, पाय असते तर." दोघी हसलो.

दाराकडे बघितलं तर ढोल उभा. बकल बदलून मागायला आला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. बुटांकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, मग म्हणाला, "आवाज छातीतून नको काढू, पोटातून काढ. घसा बसेल." आणि शिकवायलाच लागला. दोघांनी मिळून माझ्या डोक्याचं भरीत केलं. बकल बदलून दिलं त्याला. हलकं दिलं.

१५ जून

उद्या शेवटची चाल. चार तुकड्या, चार ठिकाणांहून निघणार. ट्रकच्या ताडपत्र्या बंद करून नेतात आणि कुठेतरी माळावर सोडतात, म्हणजे आलो कुठून हे कळायला नको. नकाशा एक, होकायंत्र एक, तेही म्होरक्याच्या हातात. रानात रंगवलेले चार डबे शोधायचे. चौथ्या डब्यात चिठ्ठी असते, त्यात तुकडीतल्या एकाचं नाव. तो जखमी झाला असं समजायचं आणि त्याला स्ट्रेचरवर घालून मैदानावर आणायचं, दुपारी बाराच्या आत. फार अडलं तर शिट्टी आहे. वाजवली की मदत येते, पण परीक्षा तिथेच संपते.

पहिल्या खेपेला नापास झालेल्यांना उद्या म्होरके केलंय. म्हणजे भाची. म्हणजे हीच शेवटची संधी. पडली तर परवा काउंटरवर.

संध्याकाळी बारा होकायंत्रं मांडली. बाराच्या बारा सुया एका दिशेला. तीन तुकड्यांची तीन काढून ठेवली. चौथं काढलं, बघितलं, काचेवर चरा होता. उत्तम चालतं, पण चरा होता. परत ठेवलं.

१६ जून, सकाळ

पाच वाजता आले घ्यायला. बाहेर धुकं असं की ट्रकचे दिवे दिसत होते, ट्रक दिसत नव्हता. भाची शेवटी आली. मी रेडिओवरचं होकायंत्र उचललं, चामड्याच्या घरातून काढून तिच्या हातात ठेवलं. घर माझ्याकडेच ठेवलं, उगाच कोणाच्या डोळ्यात यायचं.

"तपासलंय ना, मावशी?"

"तपासलंय. जा."

गेली.

१६ जून, अकरा वाजता

दोर दोनदा मोजले. एकदा सदतीस आले, एकदा छत्तीस. छत्तीसच आहेत.

दोन तुकड्या आल्या. तिसरीनं शिट्टी वाजवली, त्यांना ट्रक आणायला गेलाय. धुकं आत्ता कुठे विरतंय. आमच्या... चौथ्या तुकडीचा पत्ता नाही.

कॅप्टन मैदानाच्या कडेला उभा आहे, घड्याळ बघत नाही. मीच बघतेय. मला मैदानावर काही काम नाही, पण तिथल्या दोन खुंट्यांची डोकी चेपलीत, ती बदलायला हवीत म्हणून हातोडी घेऊन जाते.

१६ जून, दुपार

आली!

बाराला सात मिनिटं कमी होती. आधी आवाज आला. ढोलाचा. "एक! दोन! तीन! चार!" म्हटलं, वा, म्हणजे म्होरकी कोण, काडी की ढोल? मग झाडीतून स्ट्रेचर निघालं. चौघांच्या खांद्यावर. आणि त्यावर आडवा पडून आकडे ओरडणारा कोण, तर ढोलच! चिठ्ठीत त्याचंच नाव निघालं होतं. अख्ख्या केंद्रातला सगळ्यात जड माणूस.

भाची मधोमध चालत होती. हातात काही नाही, फक्त नकाशा आणि होकायंत्र. "बदला!" म्हणाली की चौघं उतरायचे, दुसरे चौघं खांदा द्यायचे, स्ट्रेचर हलायचं नाही. चिखलानं माखली होती, ओठ फुटला होता. पण टाच अशी आपटत चालत होती की मला खुंट्यांजवळ ऐकू आलं.

कॅप्टनसमोर उभी राहिली. "बारा जण निघालो, बारा जण आलो. एक जखमी, तक्रारी फार करतो."

मैदान हसलं. कॅप्टन नाही हसला, पण पेन्सिल कानावर ठेवताना त्याच्या हातून पडली.

माझ्या हातातल्या हातोडीनं खुंटी वाकडी झाली. बदलावी लागेल.

१६ जून, संध्याकाळ

हे लिहायला नको वाटतंय, पण आज अर्धंच लिहून ठेवणं खोटेपणा होईल.

चार वाजता ढोल स्ट्रेचर आणि होकायंत्र परत द्यायला आला. म्हटलं, "झाली सैर?" त्यानं सगळं सांगितलं, हातवारे करत. ट्रकनं सोडलं तिथे हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. नकाशाप्रमाणे उत्तरेकडे निघायचं, पंधरा मिनिटांत उतार लागणार, मग ओढा. होकायंत्र बघून निघाले. पंचवीस मिनिटं झाली, उतार नाही, चढच चढ. ढोल म्हणाला, नकाशा जुना असेल, चला पुढे. दुसरी म्हणाली, शिट्टी वाजवू. भाची एका दगडावर बसली. ढोलाच्या मते रडणार होती. मग उठली आणि म्हणाली, "पंचवीस मिनिटं मी तुम्हाला उलटं आणलंय. चूक माझी. बरं, पुढे?"

"तुमच्यासारखंच म्हणाली, मावशी," ढोल म्हणाला.

मी म्हटलं, "असं बरेच जण म्हणतात."

ओल्या गवतावर स्वतःचीच पावलं दिसत होती, त्यांवरून सगळ्यांना परत नेलं ट्रकच्या चाकांच्या खुणांपर्यंत. तिथून दोघांना घेऊन उलट्या दिशेला दोनशे पावलं गेली. उतार लागला. पाणी वाजताना ऐकू आलं. परत आली आणि होकायंत्र सगळ्यांना दाखवलं. "हे बिघडलंय, पण बरोबर उलटं बिघडलंय. आता लाल टोक म्हणजे दक्षिण, पांढरं म्हणजे उत्तर. प्रत्येक डब्यापाशी जमिनीवरून पडताळून बघू." एका पोरीला पुढे पाठवलं, वाट बघायला. ढोलाला म्हणाली, तुझा आवाज मोठा आहे, पावलं मोजत ओरड, म्हणजे मागचे चुकणार नाहीत. तिनं एकाचीही सॅक घेतली नाही. "उलट माझी पाण्याची बाटली मला धरायला लावली," ढोल म्हणाला, आणि असा खूश होता की जसं काही बक्षीस मिळालंय.

तो गेला. मी होकायंत्राशी बसून राहिले. बिघडलंय? माझं?

मग ती आली, होकायंत्र जमा केल्याची सही करायला.

"कॅप्टन काय म्हणाला?"

"म्हणाले चाल उत्तम. पण निघण्याआधी होकायंत्र दुसऱ्याशी जुळवून बघितलं नाही, साहित्य न तपासणं म्हणजे नापास, नियमात आहे. मी तसंच लिहून दिलं. चूक माझी म्हणून. निर्णय उद्या."

"तू विचारलं होतंस मला."

"विचारणं म्हणजे बघणं नाही ना, मावशी."

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. ती गेल्यावर तेराच्या तेरा टेबलावर मांडली. बारा सुया एकीकडे. एक बरोबर पाठ फिरवून.

म्हणजे मी तपासलंच नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही विसरले नाही, आणि जे सगळ्यात चांगलं म्हणून बाजूला काढलं तेच टेबलावर आलं नाही.

पण बिघडलं कसं? चर्‍याचं होकायंत्र उचललं आणि उगाच, ते कुठे ठेवलेलं होतं ते बघावं म्हणून, रेडिओपाशी नेलं. हातभर लांब असतानाच सुई गरागरा फिरली आणि रेडिओकडे तोंड करून उभी राहिली. मागे घेतलं, सरळ. पुढे नेलं, परत फिरली. पेटी लाकडाची, पण आत कर्णा आहे, त्याला चुंबक. हे मला माहीत असायला हवं होतं. नवऱ्यानं एकदा दुरुस्त करताना दाखवलंही होतं, त्याला स्क्रू चिकटले होते. तीन महिने मी ते होकायंत्र चुंबकावर शेकत ठेवलं, जपून.

दिवे लागायच्या आत कॅप्टनच्या खोलीत गेले. तो उभा राहिला. "बसा, मावशी."

"उभीच बरी. ते होकायंत्र मी बिघडवलं. रेडिओवर ठेवलं होतं. टेबलावर मांडलं नाही. तिनं विचारलं, तपासलंय का, मी हो म्हटलं. न तपासता. तिची चूक नाही."

"सगळ्यांची मांडलीत, हेच का नाही मांडलंत?"

आता आलं. मनात म्हटलं, सांगितलं तर वशिला म्हणून पोरगीच बाहेर जायची, नाही सांगितलं तर नियमानं बाहेर. पण ती माळावर अकरा जणांपुढे उभं राहून बोलली, आणि मी एका माणसापुढे गप्प बसू?

"कारण ते मी तिच्यासाठी ठेवलं होतं. माझी भाची आहे. या होकायंत्राचं तिला काही माहीत नाही. काय शिक्षा असेल ती मला करा."

कॅप्टननं पेन्सिल काढली, बघितली, परत लावली.

"तुमची भाची आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं."

"कसं?"

"नाड्यांची गाठ. इथे तशी गाठ दोघीच बांधतात. आणि 'बरं, पुढे?' हे मी तुमच्याकडून सहा वर्षं ऐकतोय. सगळ्या केंद्राला माहीत आहे, मावशी. तुम्ही एवढ्या कडक चेहऱ्यानं तिच्याकडे बघत नव्हतात की कोणाचंही लक्ष जावं."

मला बसावं लागलं.

"मग काढलं नाहीत तिला?"

"कशाला? गुण तुम्ही देत नाही. बूट देता." मग तो तिचा कागद वाचत बसला. "स्टोअरनं तपासलं असं सांगितल्यावर जबाबदारी स्टोअरची. हे तुम्ही आता सांगितलंत म्हणून मला धरता येतं. तिनं काही सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं मूर्ख कार्टीनं?"

"ते मला काय विचारता? घरी कोणी शिकवलं असेल."

१८ जून

मला लेखी ताकीद मिळाली. बावीस वर्षांत पहिली. बरोबर आहे. फायलीला लावली, माझ्या हातानं.

आणखी एक हुकूम आहे. ते होकायंत्र दुरुस्तीला पाठवायचं नाही. पुढच्या तुकडीपासून पहिल्या दिवशी मी ते बाकी बारांबरोबर मांडून पोरांना दाखवायचं आणि काय झालं ते सांगायचं. म्हटलं, मी भाषण करत नाही. कॅप्टन म्हणाला, भाषण नको, जसं मला सांगितलंत तसं सांगा.

आज चिठ्ठ्या होत्या. इथली ही जुनी पद्धत आहे. गुण कॅप्टन देतो, पण शेवटी तुकडीतला प्रत्येक जण एका प्रश्नाला गुपचूप चिठ्ठीवर उत्तर देतो: या म्होरक्याच्या मागे परत जाशील का? हो किंवा नाही, नाव घालायचं नाही. आठ 'हो' लागतात. डबा माझ्या स्टोअरमधलाच असतो, म्हणून मोजताना मी उभी असते. या वेळी म्हटलं, मी बाहेर जाते. कॅप्टन म्हणाला, थांबा, डबा कोण परत नेणार?

हो. हो. हो. चार, पाच, सहा. मी खिडकीबाहेर बघत होते. आठव्याला मी खिडकीची कडी लावून काढून बघितली. तेल हवंय. नऊ, दहा. अकरावी चिठ्ठी उघडून कॅप्टन हसला, पहिल्यांदा. माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं, "हो. पण पुढच्या खेपेला मला चालू द्या."

नाव नव्हतं. गरजही नव्हती.

अकरात अकरा. कॅप्टननं तिच्या नावापुढे जे लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं. उत्तीर्ण. आणि खाली, तुकडीत पहिली.

डबा घेऊन आले. स्टोअरचं दार लावलं. थोडा वेळ डबा मांडीवर घेऊन बसले. डब्याला आतून गंज आहे, घासायला हवा.

२१ जून

परेड झाली. भाऊ आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. उभं राहून बघत होता. हिची तुकडी पुढे, तुकडीच्या पुढे ही. हुकूम सोडला तेव्हा तो दचकलाच. "हा आवाज हिचा?"

"मग काय माझा?"

"घरी तर चटणी मागतानाही दोनदा विचारावं लागतं."

"आता नाही लागायचं. तूच जपून मागत जा."

बिल्ले लागले. मग सगळे निरोपाला स्टोअरपाशी आले, सॅका-दोर जमा करायला. भावानं मदतीचा उत्साह म्हणून तिनं काढून ठेवलेले बूट उचलून माझ्या टेबलावर ठेवले. "घे ताई, हे पण जमा करून टाक. सुटलो एकदाचे." तोंडानं असं म्हणत होता, डोळे लाल होते.

रांगेत तीस-पस्तीस जण. भाची मागून ओरडली, पोटातून, जसं शिकली होती तसं.

"आत्या! ते परत घेऊ नकोस!"

रांगेतली डोकी वळली. मी खाली बघत राहिले. मग ढोल डोळे मिचकावत म्हणाला, "बापरे! मावशी तुझी आत्या?" आणि अख्खी रांग जी हसायला लागली ती थांबेना. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला असले तमाशे आवडत नाहीत. म्हटलं, "हसून झालं असेल तर रांग सरळ करा." सरळ केली. सगळ्यात आधी भावानं.

मी बूट उलटे करून बघितले. दोन्ही टाचा झिजल्यात, सारख्या, पार आतल्या थरापर्यंत. चवडे ठीक आहेत.

"अरे पण दुकानात..." भाऊ म्हणाला.

"दुकानात तू बस. खुर्ची पुसून ठेवलीच आहेस ना?"

सगळ्यांना दहा मिनिटं थांबवलं. हातोडी काढली, खिळे तोंडात धरले आणि दोन्ही बुटांना नव्या टाचा ठोकून दिल्या. भाची समोर बाकावर बसून अनवाणी पाय हलवत होती, पाच वर्षांची असताना बसायची तशी. मग बूट घातले, दोन फेरे आणि आत खोचलेली गाठ. उभी राहिली, दोनदा टाच आपटून बघितली. खिडकीची काच थरथरली.

रजिस्टरात तिच्या बुटांपुढे 'जमा' किंवा 'बाद' लिहायचं असतं. मी लिहिलं, वापरात.

३० जून

पावसाळ्याची नवी तुकडी परवा येतेय. रेडिओ खिडकीत हलवला, टेबलापासून बारा पावलं. मोजली. एक होकायंत्र हातात धरून वाटेत तीनदा बघितलं, सुई हलली नाही.

तेरा होकायंत्रं मांडून सराव केला. समोर भिंतीशी बारा बूटजोड होते, त्यांनाच सांगितलं. सांगताना आवाज जरा बसला. पोटातून काढायला हवा.